दाताची खाच

भाऊजींचे पणजोबा तंबू शिवीत, आजोबा कोट शिवीत आणि वडील, म्हणजे माझे सासरे, शाळेचे गणवेश. तिघांच्याही खालच्या दाताला एकसारखीच खाच होती असे सांगतात. दोरा तोडायला कात्री उचलणारा आमच्या घरात शिकाऊ समजला जाई. माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनीही, दातांनीच दोरे तोडून ती खाच मिरवली.

हनुवटी सुजली म्हणून त्यांना नेले, तर दाताच्या डॉक्टरांनी ती खाच पाहताच निदान केले.

"दोरे तोडून मूळ कुजलंय, आजोबा. फोटोत हा काळा डाग बघा. पू आहे."

"थंड पाणी मात्र अजून झोंबतं हो," भाऊजी म्हणाले.

"झोंबणारच!"

मुळाचे उपचार झाले. डाग राहिला, म्हणून पुन्हा झाले. मग दात काढला, शेजारचाही काढला. हनुवटी फुगतच गेली. घरात माझ्या शब्दाशिवाय पान हलत नाही. दवाखान्यात मात्र मी बाकावर पर्स धरून बसून राहिले.

शेवटी मोठ्या रुग्णालयात हाडाचा तुकडा तपासला.

"थंड पाणी झोंबत होतं, म्हणजे दात जिवंत होता, आजी," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाठ हाडातली. क्वचित होते, फोटोत पुवासारखीच दिसते. आता खालच्या जबड्याचा पुढचा भाग काढावा लागेल."

"दुसरा उपाय सांगा," मी दरडावले. त्यांनी शस्त्रक्रियेच्या संमतीचा कागद माझ्यापुढे सरकवला.

भाऊजींचे माझ्यावर एक ऋण होते. तरुणपणी माझे दोन्ही हात भाजले, तेव्हा त्यांनी मला महिनाभर घास भरवले होते. फेडीन म्हटले, तर हसले होते: "तुम्ही कसल्या फेडताय, वहिनी! तुम्ही हुकूम सोडणार!"

आता माझे हात धड होते, पण भरवायला त्यांचे तोंड नव्हते. अन्न नाकातल्या नळीने जाई.

घरी आल्यावर ते हट्टाने मशीनवर बसले. नातीच्या झग्याची एक बाही झाली. सवयीने दोरा तोंडाकडे गेला, बँडेजला टेकला आणि हात तिथेच थांबला. कात्री समोर होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही.

या सवयीवरून मी त्यांना जन्मभर बोलले होते. मी उठले, वाकले आणि त्यांच्या हातातला दोरा माझ्या दातांनी तोडला.

"फिटलं, भाऊजी. पुरतं फिटलं."

त्यांनी मान डोलावली, दुसरी बाही शिवली आणि तिचा दोरा माझ्यापुढे धरला.