धारेचं लुगडं

माझी प्रकृती ठणठणीत आहे हे मी इतक्या लोकांना सांगून ठेवलंय, की आता आजारी पडायची सोय उरलेली नाही. चौऱ्याहत्तरावं सरत आलं. दात माझेच आहेत, कडक भाकरी शेंगाच्या चटणीशी खाते, गोळी एक नाही. नळदुर्गच्या बाजाराला जीपमध्ये जागा नसली तर चालत निघते. गावातल्या सुना गुडघे धरून बसल्या की त्यांच्या सासवा त्यांना माझं उदाहरण देतात, 'त्या इरम्माकडं बघा जरा.' खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

मालक गेले तेव्हा शंभुलिंग मला सोलापूरला घेऊन गेला. मुलगा गुणी आहे, त्यात वाद नाही. तिसऱ्या मजल्यावरचं घर, हातात आयता चहा, ताटात आयती भाकरी. सून भुवनेश्वरी मला कपसुद्धा विसळू देईना. सगळे माझी काळजी घेत होते आणि मी खुर्चीत बसून वाळत होते. दहा वर्षांत इथे झाले नव्हते तेवढी म्हातारी तिथे एका महिन्यात झाले. परत आले, गाभण ठेवून गेलेली म्हैस व्याली, आणि पोराला ठणकावून सांगितलं, "काशी माझ्याबिगर कुणाच्या हाताला पान्हा सोडत न्हाय. तिला टाकून म्या यायची न्हाय. ज्या दिवशी माझ्या हातानं धार निघणार न्हाय, त्या दिवशी माझी मी कुलूप लावीन."

शब्द मीच दिला. कुणी मागितलाही नव्हता.

काशी माझी म्हैस. तिचं रेडकू जन्मताच गेलं, तेव्हापासून ती मलाच चाटते आणि मग पान्हा सोडते. मला ताप आला होता तेव्हा शेजारची जगदेवी धारेला बसली, तर काशीने तिला बादलीसकट उडवलं. जगदेवी आठ दिवस लंगडत होती. वरवर मी हळहळले, पण मनातून सुखावले. त्या एका लाथेवर माझं इथलं राहणं अवलंबून होतं.

दिवाळीनंतर माझा उजवा हात दगा देऊ लागला. पहाटे उठावं तर बोटं झोपलेलीच. कढत पाण्यात बुडवली, तेल चोळलं, देवाला बोल लावला. डॉक्टरकडे गेले नाही, कारण आमचा डॉक्टर शंभुलिंगबरोबर शिकलेला. गोळी मला देईल आणि फोन त्याला करील. डाव्या हाताने कशीबशी धार काढत राहिले. दूध कमी भरायला लागलं तेव्हा डेअरीवर सांगितलं, म्हैस आटत आलीय. बिचाऱ्या मुक्या जनावरावर आळ घेतला.

वेळ अमावस्येला शंभुलिंग आणि भुवनेश्वरी गावी आले. आमच्याकडे या येळवशीला गावात कुत्रंही थांबत नाही, सगळे शेतात पूजेला आणि जेवायला. मी इरकल नेसून डोक्यावर आंबिलाची घागर घेऊन त्यांच्यापुढे चालले. बांध ओलांडताना शंभुलिंगने हात पुढे केला, तो मी घेतला नाही. पालेभाज्या-शेंगदाण्यांची भज्जी वाढली, चार घरच्या लोकांना आग्रह केला. लोक म्हणाले, इरम्माला देवानं काय हाडं दिलीत. मी हसले. उजवा हात पदराखाली होता, तो कुणाला दिसला नाही.

त्या सकाळी मात्र धार निघालीच नव्हती. पोरं येण्याच्या गडबडीचं निमित्त करून मी गोठ्यातून उठले होते.

दिवस मावळायला घरी आलो. इरकल सोडून मी गोठ्यातलं लुगडं नेसले. ते मी फक्त धारेलाच नेसते. "कुणी येऊ नका, बुजती ती," असं सांगून दार ओढून घेतलं. काशीची कास तटतटून आली होती. मला चाटून तिने पान्हा सोडला आणि मी सड धरला. बोटं मिटली नाहीत. डाव्या हाताने ओढलं, तर त्यातही जोर उरला नव्हता. अंगठ्याने दाबलं, मनगटाने दाबलं. काशीने पाय झाडला. तिने मला कधी पाय दाखवला नव्हता. सड हाताला कढत लागत होता, आणि हे कशाचं लक्षण आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. याला आम्ही दगडी म्हणतो. कास दगडागत घट्ट होते आणि सड कायमचा जातो.

काशी हंबरायला लागली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप गं माझी बाय. सकाळी ती दोघं जाऊ देत. तवर गप." आपल्या गरजेपायी मी त्या जनावराला दुखणं दाबायला सांगत होते, आणि ते कळूनही सांगत होते.

दार उघडलं. भुवनेश्वरी आत आली, मागे शंभुलिंग. भुवनेश्वरी लोहाऱ्याकडची, शेतकऱ्याचीच लेक. तिने एकदा कासेकडे पाहिलं, एकदा माझ्या हाताकडे, आणि काही न विचारता बादली घेऊन बसली. काशीने पान्हा चोरला, लाथ घातली. पुन्हा बसली, पुन्हा लाथ. शंभुलिंगने जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो कुठल्याशा शेतात जेवायला गेलेला, सकाळी येतो म्हणाला.

"सकाळपतूर कास राहायची न्हाय, आत्या," भुवनेश्वरी म्हणाली. "काय करावं?"

काय करावं ते मला माहीत होतं. मी आळंदला माहेरी गेले की मालक माझं गोठ्यातलं लुगडं अंगाला गुंडाळून धारेला बसायचे. एवढ्या मिशा आणि वर लुगडं. तेव्हाच्या म्हशी निमूट दूध द्यायच्या. शंभुलिंग माझ्याबरोबर माहेरी असायचा, त्याने ते कधी पाहिलं नाही. मालकांबरोबर ती गोष्टही गेली असं मी ठरवून टाकलं होतं. जगदेवी लंगडली तेव्हाही मी तोंड उघडलं नव्हतं.

काशी पुन्हा हंबरली, तसा माझा धीर सुटला. मी घरात गेले, लुगडं सोडलं, शाल गुंडाळून परत आले आणि ते भुवनेश्वरीच्या अंगावर टाकलं. "हे नेस. आन बस."

तिने ड्रेसवरच ते गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि बसली. काशीने मान वळवून पदर हुंगला. लाथ घाल, मी मनात म्हणत होते. मेले, एकच लाथ घाल. मघाशी तिचा जीव वाचावा म्हणून लुगडं सोडणारी मीच, आणि आता हे म्हणणारीही मीच.

काशीने पदर चाटला. पहिली धार बादलीच्या बुडावर वाजली, मग दुसरी, मग फेस यायला लागला. काशी डोळे मिटून रवंथ करत होती. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"निघाली की, अव्वा," शंभुलिंग म्हणाला. मला रडू फुटलं. आनंदाचं समजून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

कास मोकळी झाल्यावर भुवनेश्वरी उठली. लुगडं सोडून, नीट घडी घालून तिने माझ्यापुढे धरलं. "घ्या, आत्या." ती हळूच म्हणाली. तिला सगळं समजलं होतं. मी उजवा हात पुढे केला. घडी बोटांवरून घसरून खाली पडली, आणि आता ते शंभुलिंगनेही पाहिलं.

तो वाकून उचलायला लागला.

"ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच," मी म्हणाले. "काशीला जो कुणी नेईल, त्याला हेबी द्या. आन त्याला सांगा, धुवू नको म्हणावं."