शेवटच्या रिळातली नदी

मित्रांनो, माझा डबा उघडण्याआधी हातातला दिवा लांब ठेवा. विडी ओढणारे कोणी बरोबर असेल तर त्यालाही दाराबाहेर थांबायला सांगा. एका जुन्या मूकपटाचे मी सातवे आणि शेवटचे रीळ आहे. आगीचे नाव काढले तरी मला धडकी भरते. रिळाने एवढे भित्रे असावे याचे तुम्हाला हसू येईल, पण माझी हकीकत ऐकलीत तर तुम्ही हसणार नाही.

माझा जन्म कापसाचा. कापसावर तेजाबाची, म्हणजे तीव्र आम्लाची, प्रक्रिया करून विलायतेतल्या एका कारखान्यात माझी पारदर्शक पट्टी तयार झाली. त्या काळी वऱ्हाडातल्या कापसाच्या गाठी जहाजाने विलायतेला जात. तेव्हा कोण जाणे, माझ्या अंगातला कापूस इकडच्याच एखाद्या शेतातला असेल. पण तेजाब लागले की कापसाचा स्वभाव बदलतो. मी एकदा पेटले तर पाण्यानेही विझत नाही. हे कळल्यापासून मी जीव मुठीत धरूनच जगत आले.

मुंबईला माझ्यावर चित्रे छापली गेली. माझ्या आधीच्या सहा भावंडांच्या वाट्याला लग्न आले, बारसे आले, अंगणातल्या गाईगुरांची गंमत आली. माझ्या वाट्याला आली पुराची नदी. चित्रातली आई कडेवर लेकरू घेऊन घरातून निघते. पलीकडच्या गावात तिचा नवरा आजारी असतो. ती नदीच्या काठावर येते, पाण्यात पाऊल टाकते, पाणी चढत जाते आणि दोघेही दिसेनासे होतात. मग नुसती नदी वाहत राहते आणि पडद्यावर 'समाप्त' अशी अक्षरे येतात.

ज्या मूळ फितीवरून माझी प्रत काढली, तिने मला एक गोष्ट सांगितली होती. चित्र घेणारे यंत्र थांबल्यावर आईचे काम करणारी नटी काठावर आली, घोंगडी पांघरून बसली आणि तिने गरम चहा घेतला. लेकरू तिच्या बशीत बोटे बुडवून हसत होते. हे मला ठाऊक होते, पण माझ्यावर ते छापलेले नव्हते. जे छापलेले नाही ते मी कोणाला कसे दाखवणार?

मोहनसिंग नावाच्या गृहस्थाने आम्हा सातही जणांना विकत घेतले. त्याचा फिरता सिनेमा होता. हाताने दांडी फिरवायचे यंत्र, एक प्रखर दिवा, पांढरा पडदा आणि शालिग्राम. शालिग्राम पडद्याशेजारी उभा राहून चित्रातली अक्षरे मोठ्याने वाचून दाखवी, कारण आमच्या प्रेक्षकांत वाचता येणारे थोडेच असत. मोहनसिंग मला मऊ फडक्याने पुसायचा आणि कौतुकाने म्हणायचा, "सातवं रीळ पक्कं हाय. लोकायले रडवल्याबिगर सोडत नाई."

त्या कौतुकाचा मला आनंद होत नसे. एक तर माझी पाळी येईपर्यंत यंत्र तापून लाल झालेले असायचे. दांडी क्षणभर थांबली तर भिंगातून येणारा उजेड मला जाळणार, हे मला माहीत होते. दुसरी भीती प्रेक्षकांची. नदीत आई बुडाली की लोकांना माझा राग यायचा. वाशीमला एकाने पडद्यावर जोडा भिरकावला. एका बाईने खेळ संपल्यावर पडद्यापुढे नारळ ठेवून नदीची मनधरणी केली. तिथेच एक म्हातारे शेतकरी उठून मोहनसिंगला म्हणाले होते, "पाणी उतरेपर्यंत थांबली असती तर काय बिघडलं असतं तिचं?" मोहनसिंग नुसता हसला. मला मात्र ते वाक्य कायमचे लागून राहिले.

एका उन्हाळ्यात आम्ही कारंजाला आलो. हंगाम संपला होता, म्हणून कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगचे रिकामे गोदाम मोहनसिंगला भाड्याने मिळाले. दारे लावली की आत भरदिवसा अंधार होई. दुपारीच खेळ करता येणार म्हणून तो खूश होता. माझी मात्र पाचावर धारण बसली. गोदामाच्या कोपऱ्याकोपऱ्यात, तुळयांवर, भिंतींच्या फटींत सगळीकडे कापसाचे तंतू चिकटलेले होते. एक ठिणगी उडाली असती तर मी, गोदाम आणि आत बसलेली माणसे, कोणीच उरलो नसतो.

पहिल्या दिवशीच्या खेळाला जवळच्या गावचा इंद्रभान आपली बायको रंगूबाई आणि आई तुळसाबाई यांना बैलगाडीतून घेऊन आला. रंगूबाईला सातवा महिना होता. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून तिला लवकरच अडाण नदीपलीकडे न्यायचे होते. तिची आई गोजराबाई सुईणपणात हुशार होती. इकडे सासरच्या गावातली सुईण शिमग्याच्या सुमारास वारली होती आणि तुळसाबाई डोळ्यांनी अधू. मृग नक्षत्र दहा-बारा दिवसांवर आले होते. एकदा अडाणला पूर आला की गाडी पलीकडे जाणार नव्हती.

आणि नेमके त्याच दिवशी रंगूबाईने मला पाहिले. कडेवर लेकरू घेतलेली आई पाण्यात गेली, शालिग्रामने आपल्या भरदार आवाजात "बुडाली हो माउली" म्हणून हाक फोडली आणि रंगूबाईने तोंडावर पदर ओढून घेतला. घरी गेल्यावर तिने बोलणे सोडले. माहेरी न्यायला गाडी जुंपली तर ती दाराची चौकट घट्ट धरून बसे. अडाणात तेव्हा जेमतेम गुडघाभर पाणी होते, पण तिला दिसत होती ती माझी नदी.

आठव्या दिवशी तुळसाबाई लेकाला आणि गावातल्या चार माणसांना घेऊन गोदामावर आली. एकाच्या हातात काडेपेटी होती. मी डब्यात होते, पण शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"थे रीळ बाहीर काढ, आमी जाळून टाकतो," तो माणूस म्हणाला.

"जाळून काय होते? सूनबाईच्या डोळ्यातलं थोडंच जळते?" तुळसाबाईने त्याला गप्प केले. मग ती मोहनसिंगकडे वळली. "मले एक सांग बाप्पा. वाचतानी मरणाच्या जागी थांबून कोनी पोथी रुमालात बांधते का? पुढच्या अध्यायाच्या दोन ओव्या वाचतेत, मंगच उठतेत. तू लोकायले अशा अभद्र जागी घरी काहून धाडतं?"

"पुढं काईच नाई, आजी. इथंच सरते सिनेमा."

"पुढचं नाई तर मंग मागचं दाखव. घरातून निंगाली ना थे? तिले घरी नेऊन सोड."

मोहनसिंगने यंत्राच्या दांडीवर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, "दांडी उलटी फिरवली तं जाईन थे घरी. पण माह्या यंत्राले सवय नाई. अटकलं तं समदे जळून मरू."

माझ्या तोंडचे पाणीच पळाले. काडेपेटीवाला परवडला, असे मला वाटले. पण पुराआधी नदी ओलांडायला रंगूबाईला थोडेच दिवस उरले होते आणि तिच्या पायात माझीच बेडी पडली होती. मला वाचा असती तरी मी नाही म्हणू शकले नसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगूबाईला आणले, मागोमाग गावातली माणसेही येऊन बसली. रंगूबाई दाराजवळ तोंडावर पदर ओढून बसली. यंत्राशेजारी वाळूच्या दोन बादल्या आणि ओली पोती ठेवली होती. उलटे चालताना वरच्या चकतीवर मी आपोआप गुंडाळले जात नाही. म्हणून एकाने दांडी फिरवायची आणि दुसऱ्याने त्याच वेगाने वरची चकती हाताने फिरवायची, असे ठरले. मोहनसिंगने दांडी धरली आणि चकती इंद्रभानकडे दिली. "काई झालं तरी हात थांबवू नको," असे त्याने दोनदा बजावले.

दिवा लागला. पडद्यावर नदी उलटी वाहू लागली. रोज पल्लेदार बोलणारा शालिग्राम तोंड उघडून नुसता उभा राहिला. उलट्या गोष्टीला काय म्हणावे हे त्याला सुचेना. रंगूबाईने पदर काढला नव्हता.

"रंगू, काय होऊन राह्यलं वं?" तुळसाबाईने विचारले. "मले नुसतं धुकं दिसते. तू सांग."

मी गरम होत चालले होते. एक-एक भोक दात्यांत अडकत, सुटत, मी वर सरकत होते.

"सांग ना माय. मी आंधळी कोनाले विचारू?"

पदर हळूच खाली आला.

"डोकं निंगालं पाण्यातून," रंगूबाईचा घोगरा आवाज आला. "लेकरू बी हाय, आत्याबाई. कडेवर हाय."

"अन् पाणी?"

"उतरून राह्यलं. कमरेपर्यंत आलं. आता घोट्यापर्यंत. काठावर आली थे."

आठ दिवसांनी बायकोचा आवाज कानी पडला आणि इंद्रभानने वळून तिच्याकडे पाहिले. त्याचा हात थांबला. मी खाली अडकले, माझा एक वळसा दात्यांत गुंतला आणि भिंगाचा सगळा उजेड एकाच जागी येऊन पडला. आईचे पाऊल पाण्याच्या कडेवर होते, माझ्यावरच्या त्याच चित्राची चौकट तपकिरी झाली, फुगली आणि मध्ये छिद्र पडले. पडद्यावर तो डाग लोकांना दिसला. आपण आता संपलो, एवढेच मला कळले.

मोहनसिंगने उघड्या हाताने दिव्यापुढे पत्रा ओढला, मला टरकन तोडले आणि पेटू पाहणारी जागा ओल्या पोत्यात दाबली. त्याच्या तळव्याची कातडी सोलून निघाली.

"हात काहून थांबवला रे?" तो अंधारात ओरडला.

"थे बोलली," इंद्रभान रडवेल्या आवाजात म्हणाला. "आठ दिसानं बोलली, मोहनसिंगभाऊ."

माणसे दाराकडे धावू लागली. तेवढ्यात रंगूबाईचा आवाज पुन्हा आला. "जाऊ नका कोनी. थे अजून घरी नाई पोचली."

मोहनसिंगने भाजलेल्या हाताने जळक्या चार चौकटी कापल्या, मला जोडले आणि दिवा पुन्हा लावला. इंद्रभानने या वेळी मान वळवली नाही. आई पाठमोऱ्या पावलांनी वाट चालत, उंबरा ओलांडत घरात शिरली. अंगणातली गायसुद्धा मागे मागे चालत गोठ्यात गेली. ती पाहून रंगूबाईला हसू फुटले, आणि मग सगळे गोदाम हसले. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्याकडे पाहून लोक पहिल्यांदाच हसत होते.

तीन दिवसांनी गाडी अडाणवर गेली. सोबतीला गेलेला शालिग्राम परत येऊन सांगत होता, की पाणी पाहून रंगूबाईने पुन्हा तोंडावर पदर ओढला. मग तिने नदीकडे पाठ केली, गाडीत उलटी बसली आणि मागच्या काठाकडे पाहत पलीकडे गेली. पावसाळ्यात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या, हे ऐकून माझ्या जिवात जीव आला.

त्यानंतर मोहनसिंग प्रत्येक गावात मला आधी सुलटे आणि मग उलटे दाखवू लागला. दर वेळी मी तितकेच भीत होते. पुढे बोलपट आले. मंगरूळच्या जत्रेत शेजारच्या तंबूतून गाणे ऐकू आले आणि आमचे प्रेक्षक नदीपाशीच उठून गेले. मला घरी नेणारा उलटा खेळ त्या दिवशी झालाच नाही. मोहनसिंगने मला 'समाप्त'पर्यंत चालवले आणि तसेच, उलटे न गुंडाळता, डब्यात ठेवले. मग तो थकला, वारला. शालिग्रामच्या घरच्या माळ्यावर मी कित्येक पावसाळे पडून आहे. फडक्याने पुसणारे कोणी नाही.

गळक्या कौलांतून डब्यात ओल शिरली. माझा शेवट गुंडाळीच्या वरच्या थरात होता, म्हणून तोच आधी कुजला. 'समाप्त' चिकट झाले, नदी पिवळी पडली आणि तिची पूड झाली. पाण्यात पाऊल पडण्याच्या चौकटी तर कारंजातच जळाल्या होत्या.

म्हणून मित्रांनो, मला जपून हाताळा. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि दिवा लांबच असू द्या. आता माझ्यात पाणी उरलेले नाही. लेकरू कडेवर घेऊन ती काठावर उभी आहे. तिला तिथेच थांबू द्या.