आर्विडचं एक मत

“यंदा डेमोक्रॅटांच्या खात्यावर भोपळा,” हार्लन टटल म्हणाला आणि नूडल्सचा वाडगा घेऊन शेगडीजवळ बसला. शेजारची खुर्ची मात्र त्याने मोकळी ठेवली.

शाळेच्या शिक्षिका मिस क्रेन मतपेटीचं कुलूप काढत होत्या. शाळेच्या एकुलत्या एका खोलीत अख्खं गाव जमलं होतं. गव्हर्नरच्या निवडणुकीची मोजणी ऐकायला, आणि त्याहून अधिक चर्चमधल्या बायकांच्या हातचं जेवायला.

कॅन्ससच्या त्या कोपऱ्यात माणूस रिपब्लिकन म्हणून जन्माला यायचा आणि तसाच मरायचा. अपवाद आर्विड नायक्विस्टचा. दर निवडणुकीला डेमोक्रॅटला नेमकं एक मत पडे. हार्लन ओरडे, “कुणी केलं हे पाप? उभा राहा!” आर्विड उठायचा, टोपी काढून सगळ्यांना वाकून नमस्कार करायचा. मग हार्लन आपल्या बायकोने केलेल्या केकचा सगळ्यात मोठा तुकडा त्याच्यापुढे सरकवायचा. “घे, सांत्वनाचा.”

एप्रिलमध्ये आर्विड गेला.

त्याची मुलगी सेल्मा आज मिस क्रेनच्या शेजारी पेन्सिल घेऊन मतांच्या रेघा ओढायला बसली होती. आजवर तीही रिपब्लिकनांनाच मत देत आली होती. “घरचीच फितूर!” म्हणून आर्विड हसायचा. आज सकाळी पडद्याआड तिने डेमोक्रॅटच्या नावापुढे फुली मारली. उमेदवाराचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं. बाबांची रेघ चुकू नये, एवढंच. आता हार्लनकाका ओरडले की उभं राहायचं, आणि रडायचं नाही, असं ती सकाळपासून मनाला बजावत होती.

“रिपब्लिकन... रिपब्लिकन...” मिस क्रेन वाचत होत्या. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. एकेक जुडी बांधली जात होती.

“डेमोक्रॅट.”

सगळ्यांच्या माना हार्लनकडे वळल्या. सेल्माने दुसऱ्या रकान्यात रेघ ओढली. हार्लन मात्र ओरडला नाही. नुसता खाकरला.

थोड्या वेळाने पुन्हा, “डेमोक्रॅट.”

सेल्माने चमकून वर पाहिलं. एकेकाची मान वाडग्यावर झुकली.

“हार्लन, तू?” टटलबाई कुजबुजल्या.

“मी कशाला? तूच असशील. बघ, कानापर्यंत लाल झालीयेस!”

“मला वाटलं, बिचाऱ्याचं एक तरी...”

“मलाही तेच वाटलं ना, बाई!”

तिसरं निघालं. चौथं निघालं. अगदी शेवटी मिस क्रेननी एक चिठ्ठी उलगडली. तिच्यावरची फुली फळ्यावर काढावी इतकी नेटकी होती. त्यांनी उगाचच चष्मा पुसला.

“डेमोक्रॅट,” त्या हळूच म्हणाल्या.

सेल्माने चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी ओढली. त्या रकान्यात आजवर कधी जुडी बांधली गेली नव्हती.

“कुणी केलं हे पाप?” हार्लन गरजला. कुणीच उठेना. “लबाड कुठला! जिवंतपणी एकटा होता, मेल्यावर पार्टी वाढवतोय!”

सगळी खोली हसत सुटली. हार्लनने केक कापला, सगळ्यात मोठा तुकडा उचलला, रिकाम्या खुर्चीपाशी क्षणभर थांबला आणि मग तो सेल्मापुढे ठेवला.

“घे, पोरी. सांत्वनाचा.”

सेल्मा उभी राहिली. डोक्यावर टोपी नव्हती. तरी तिचा हात कपाळापर्यंत गेला, आणि ती वाकली.