सासूबाईंची नॉमिनी

माझा नवरा संतराम वीज अंगावर पडून गेला. नॉमिनी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो त्याच्या तेरवीला, थोरले दीर देविदास यांच्या तोंडून. आमच्या शिरड शहापुरात तेरवीची जेवणं उरकली की घरातले व्यवहार पाहुण्यांसमोर बोलायची रीत आहे. संतरामनं लग्नाआधी विमा काढला तेव्हा नॉमिनी म्हणून भावाचं नाव दिलं होतं आणि नंतर ते बदलायचं राहून गेलं.

"नॉमिनी म्हंजे मालक," भाऊजी म्हणाले. "नाव माझं हाय. बाईनं मधी बोलायचं काम न्हाई."

मी पदर ओढून गप्प बसले. थोरल्या दिरासमोर बोलायचं नसतं ना! मांडीवर माझी लेक प्रतीक्षा झोपली होती. त्या दिवशी माझ्या अंगाची जी लाही लाही झाली, ती पुढं शमलीच नाही.

हिंगोलीच्या वकिलांनी खरं काय ते सांगितलं. भाऊ नॉमिनी असला तर तो फक्त पैसे ताब्यात घेणारा. पैसे वारसांचे, म्हणजे बायकोचे, लेकराचे, आईचे. "दावा लावा, पण वर्षं जातील," ते म्हणाले. मला कोर्टाच्या तारखा नको होत्या. मला भाऊजींची फजिती हवी होती, आणि तीही त्याच पाहुण्यांसमोर.

सासूबाई माझ्याकडेच राहत. त्यांचाही एक विमा होता. मी सरळच म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या विम्याला नॉमिनी मला करा."

"काहून गं?"

"तुमच्या थोरल्याची जिरवायची हाय."

त्या म्हणाल्या, "संतराम माझा बी लेक व्हता," आणि सकाळी स्वतःच एजंटाला बोलावून घेतलं.

यंदा उन्हाळ्यात त्या गेल्या. मी रडले, खोटं कशाला बोलू? पण तेरवीची वाटही पाहिली.

जेवणं झाली. चुलत सासरे लखमाजी यांनी विम्याचा विषय काढला. मी भाऊजींसमोर पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"नॉमिनी मी हाव. समदं माझं."

भाऊजी ताडकन उठले. "असं कसं? मी चौकशी करून आलोय! नॉमिनी निस्ता पैसे उचलणारा. पैसा वारसाचा. मी तिचा लेक हाव, माझा वाटा टाक!"

"बराबर हाय," मी म्हणाले. "तुमचा वाटा देते. समद्यांनी ऐकलं ना? मग आता संतरामच्या वारसाचं बोला."

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. लखमाजींनी विचारलं, "देविदास, भावाचे पैसे कुठं हायेत?"

"ट्रॅक्टरात गेले," भाऊजी पुटपुटले.

जाऊबाई रडायला लागल्या. "सुमन, आमच्या पोटावर पाय देऊ नगं. घर त्याच्यावरच चालून राहिलं." दोघा-तिघा पाहुण्यांनी ‘सोडून दे’ म्हणून मला खुणावलं. मला कुणाचीही दया आली नाही. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जिवाला बरं वाटलं.

"ट्रॅक्टर माझ्या नावावर करा," मी म्हणाले. "आन् भाऊजी, उद्या सकाळी त्योच घेऊन माझ्या रानात या. हळद लावायला मातीचे बेड पाडायचे हायेत. ड्रायव्हरला जो रोज देतेत, तोच तुमाला बी देईन."