दगडूचं वजन

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. खर्ड्याजवळच्या एका खेड्यात मिशनच्या दवाखान्यात मी एकटी नर्स. ओरडल्याशिवाय कुणी लेकरांना उकळलेलं पाणी पाजत नाही, तर मी काय करू? सेहेचाळीस साली दिवाळी झाल्यावर लंकाबाईला मुलगा झाला, तोही आठव्या महिन्यात. तिची आधीची दोन लेकरं महिन्याच्या आतच गेली होती, म्हणून सासूनं, कडूबाईनं, याचं नाव दगडू ठेवलं. नाव दगडू, आणि अंग पाहावं तर दोन ओंजळींत मावेल एवढं!

दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, मी त्याचं वजन करायची. आढ्याला स्प्रिंगचा काटा टांगलेला आणि त्याला झोळी. पहिल्या गुरुवारी झोळी वजा करून साडेपाच पौंड भरला. कडूबाई टक लावून बघत होती.

"ह्यो काटा काय सांगतो, नर्सबाई?"

माझा भाऊ यशया शाळामास्तर. त्याच्याकडून ऐकलेलं ज्ञान मी झोकात पाजळलं. "जमीन लेकराला खाली ओढते. किती जोरानं ओढते, ते हा दाखवतो. त्यालाच वजन म्हणायचं."

कडूबाईनं पोराला झोळीतून उचलून पोटाशी धरलं.

दुसऱ्या गुरुवारी ती म्हणाली, "मोजताना लेकराला दिष्ट लागती." मग झोळीवर पदर पसरून ती अगदी चिकटून उभी राहिली. मी चिडले, पण म्हटलं जाऊ दे, पदरानं काय होतंय? सव्वापाच भरला. तिसऱ्या गुरुवारी पाच.

 नगरच्या डॉक्टरांचा हुकूम साफ होता. चौथ्या आठवड्यालाही वजन घटलं, तर आईचं दूध पुरत नाही असं समजायचं, अंगावरचं तोडायचं आणि पोराला एकट्याला नगरला धाडायचं. इतक्या लांब, एवढ्या थंडीत! पोर वाटेतच गारठलं तर? लंकाबाईनं हे ऐकून पोराला पुन्हा अंगाशी घेतलं. "म्या कमी पाजते का हो बाई?" म्हणाली. तिची चोळी दुधानं भिजलेली मला दिसत होती.

चौथ्या गुरुवारी मी काट्यावरच उखडले. मेला बिघडला असणार! तो काढला आणि सासूसुनेला घेऊन समोरच्या चांदभाईच्या किराणा दुकानात गेले. त्याचं दोन शेरांचं वजन काट्याला अडकवून पाहिलं. चार पौंडांवर थोडं भरलं, म्हणजे अगदी बरोबर.

"माझी वजनं सरकारी छापाची हायेत, बाई," चांदभाई छाती फुगवून म्हणाला. "तुमचा काटा बी खरा अन् माझा तराजू बी खरा."

"मग पोराला घाला तुमच्या तराजूत!"

त्याच्या बायकोनं, मुबारकबीनं, पारडं धुऊन पुसून त्यावर धडपा अंथरला आणि तसाच एक दुसऱ्या पारड्यात टाकला. कडूबाईनं थयथयाट केला. "गुळावानी तोलता व्हय माझ्या नातवाला? म्या न्हाई बघायची!" ती बाहेर ओट्यावर जाऊन पाठ फिरवून बसली.

तीन शेर आणि वर नवटाक, अर्धा पावशेर! म्हणजे साडेसहा पौंडांना जरासं कमी. माझा विश्वासच बसेना. लगेच दवाखान्यात परतलो. तोच काटा, तीच झोळी, आणि कडूबाई पदर पसरून उभी. पाचालाही कमी!

माझं डोकं भणाणलं. यशया म्हणायचा, अंगातला ऐवज वेगळा आणि वजन वेगळं. ऐवज म्हणजे वस्तुमान, ते कुठंही न्या, तेवढंच. तराजूत दोन्ही पारड्यांना जमीन सारखीच ओढते, म्हणून तिथं ऐवजाशी ऐवज तोलला जातो. काट्याला ऐवज कळत नाही, त्याला कळतो फक्त स्वतःवर पडलेला ताण. पाव तासात पोरातला दीड पौंड ऐवज काही गळून पडला नव्हता. मग ताण कमी कशानं झाला? कुणीतरी खालून झेलत असलं तरच!

मी पदर उचलला. झोळीखाली कडूबाईचा हात होता. तळवा वर, बोटं ताणलेली.

"अगं बाई, हा काय गाढवपणा!" मी किंचाळले. "तुझ्या सुनेचं दूध तुटलं असतं आज! पोर गेलं असतं नगरला!"

कडूबाईनं हात काढला नाही. "तुमीच म्हनला हुता, जमीन वढती म्हनून," ती म्हणाली. "दोन नेली की हो तिनं. ह्याच हातानं मातीत ठिवली म्या. आता ह्याला बी वढती म्हनल्यावर म्या नुसती बघत ऱ्हाऊ? तुमी घटलं म्हनला की मला आनखीच भ्या वाटायचं, मंग आनखी जोर लावायचे."

माझा राग जागच्या जागी विरला. मला माझीच लाज वाटली, कारण मास्तरकी मीच केली होती आणि तीही अर्धीमुर्धी.

"कडूबाई, ही ओढ न्यायची नव्हे गं," मी म्हटलं. "तुला, मला, तुझ्या घरच्या जात्याला, सगळ्यांनाच जमीन अशी धरून ठेवते. पोराच्या अंगात जितका ऐवज भरेल, तितकी ती जास्त ओढणार. ओढ वाढली की समजायचं, पोर भरतंय."

ती संशयानं बघत राहिली. "तुमच्या येशूची आन?"

आम्ही ख्रिस्ती लोक आण घेत नाही. त्या दिवशी मी घेतली.

तिनं हात काढला. आधी करंगळी, मग एकेक बोट. काटा सरकत सरकत साडेसहाच्या जवळ थांबला. झोळी हलली आणि दगडूनं तोंड वाकडं करून जांभई दिली. लंकाबाई पदरात तोंड घालून रडत होती आणि मधूनच हसत होती.

पुढच्या गुरुवारी कडूबाई दोन्ही हात पाठीमागं धरून उभी राहिली. मी दगडूला झोळीत ठेवलं, आणि काटा हलायच्या आधीच ती जमिनीकडं बघून ओरडली, "वढ गं माय! लई जोरानं वढ!"