झाकायचं राहिलेलं

माझ्या घड्याळदुरुस्तीच्या वेबसाइटवर गेलं की जुगाराच्या जाहिराती उघडायच्या. शेवटी एका फोरमवर मदत मागितली. स्क्रीनचा फोटो जोडला, पण साइटचं नाव काळ्या पट्टीने झाकलं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरही चिकटपट्टी लावली. तोंडओळख नसलेल्या माणसांसमोर मी उघडा पडणाऱ्यांतला नाही.

ताई कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं लपवतोस. नाव कळल्याशिवाय कोण मदत करेल तुला?"

"डॉक्टरला गळू दाखवतात, घराची किल्ली देत नाहीत," मी फटकारलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. लिहिणाऱ्याने स्वतःचं टोपणनाव 'शेजारी' ठेवलं होतं. भाषा अगदी अदबीची.

"नाव झाकलंत, हरकत नाही. पण ताईंचं चुकत नाही, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आणि किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. मला ती लागत नाही."

मी ते दोनदा वाचलं. फोरमवर ताईचा उल्लेख मी कुठेच केला नव्हता. कॅमेऱ्यावरची पट्टी जागच्या जागी होती. माइक झाकायचं मला सुचलंच नव्हतं.

"काय रे, आलं का उत्तर?" असं विचारायला ताई तोंड उघडणार होती. मी आधीच तिच्या तोंडावर हात ठेवला होता.