हाताची आणेवारी

“लिवा, आठ आणे,” सहादेवआण्णा म्हणाले आणि शर्टाच्या त्याच बटणाला तिसऱ्यांदा भिडले.

“कशाचं आठ!” त्यांच्या बायको चांगुणाबाई फणकारल्या. “सकाळी तांब्या पडला हातातनं.”

एकाहत्तर साली मी कर्जतच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. हे आकडे लिहिलेली वही अजून माझ्याकडे आहे. आण्णांच्या हाताच्या नसा सुकत चालल्या होत्या, त्यावर औषध नव्हतं. हात किती चालतो ते दर महिन्याला त्यांनाच विचारून लिही, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. शंभरात किती, हे आण्णांना जमेना. ते गावचे कोतवाल, उभा जन्म तलाठ्यामागे पिकांची आणेवारी करत हिंडलेले. सोळा आणे म्हणजे भरलेलं रान, एवढं त्यांना पक्कं ठाऊक.

आमच्याकडे आणेवारी खरी सांगायची पद्धतच नव्हती. दहा आणे ज्वारी असली तरी गाव एका सुरात पाच म्हणायचं, कारण आकडा सहाच्या खाली गेला की शेतसाऱ्यात सूट. आण्णा त्यात पटाईत. हाताच्या बाबतीत मात्र सगळं उलटं. “सहाच्या खाली गेलात की बैलगाडी हाकायची नाही,” असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि लग्न झाल्यापासून चांगुणाबाईंना दर बाजाराला आण्णाच गाडीतून आणत. त्यामुळे आठाचा आकडा काही हलेना. मीही निमूट आठ लिहायचो. मला त्यांचं ते खोटं फार आवडायचं.

दिवाळीनंतर दोघं आले, तेव्हा चांगुणाबाईंच्या कपाळाला पट्टी होती. मागच्या बाजारी उतारावर आण्णांच्या हातून कासरा सुटला आणि गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली होती.

मी वही उघडली. “किती, आण्णा?”

“चार.”

“अवं, सा म्हना की!” चांगुणाबाई घाईनं म्हणाल्या. “भाऊ, तुमी सा लिवा. मला काय बी झालेलं न्हाई.”

“न्हाई, चारच.” आण्णांनी बायकोच्या पट्टीकडे पाहिलं. “सरकारला लई फसवलं. तुला न्हाई.”

मी चार लिहिलं. लिहिताना वाईट वाटलं.

दोघं बाहेर पडल्यावर खिडकीतून पाहिलं, तर गाडीत पुढे चांगुणाबाई बसल्या होत्या, कासरा हातात घेऊन. आण्णा शेजारी. बाईंनी दोनदा हाक दिली, पण बैल जागचे हलेनात. मग आण्णांनी जिभेनं नेहमीसारखं च्यक् केलं, आणि गाडी निघाली.